समोरचा कॅमेरा

रागाच्या भरात मी आयुष्यात एकही पत्र लिहिलेले नाही. आधी राग पूर्ण होऊ द्यायचा आणि मग परिच्छेदांना क्रमांक घालायचे, ही माझी पद्धत. कुवेतमध्ये मी कंत्राटांतले दावे तपासतो. कुणी कुणाला कधी काय लेखी कळवले होते आणि काय कळवले नव्हते, एवढेच पाहण्यात माझी तीस वर्षे गेली. मिरकाबमधल्या कचेरीत दिवसभर इतरांची पत्रे वाचावीत आणि संध्याकाळी फिंतासच्या घरी येऊन स्वतःची लिहावीत, असा क्रम. विमान कंपनीला, बँकेला, वृत्तपत्राच्या संपादकाला, आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीला. एकदा तर किनाऱ्यावरचे बाक समुद्राकडे पाठ करून का बसवले आहेत, हे विचारणारे पत्र मी लिहिले होते. ते कुणाला पाठवावे हे न कळल्याने ते अजून माझ्याकडेच आहे. प्रत्येक पत्राची प्रत मी ठेवतो. ठेवत असे, म्हणायला हवे.

गेल्या वर्षी जूनच्या आरंभी दोन दिवस धुळीचे वादळ चालू होते. तिसऱ्या दिवशी दुपारी माझ्या अभ्यासाच्या खोलीच्या छतातून पाणी येऊ लागले. आमचे घर सर्वांत वरच्या मजल्यावर, आणि वर गच्चीवर टाक्या. कुवेतच्या जूनमध्ये टाकीतल्या पाण्याने अंघोळ करायची तर ते आधी बादलीत निवत ठेवावे लागते. ते तसले गरम पाणी कपाटावरच्या पाच खोक्यांवर पडत होते, आणि त्या खोक्यांत माझ्या सगळ्या प्रती होत्या. शाईच्या प्रिंटरवर काढलेल्या. मी पहिले खोके उघडले तेव्हा आत निळसर लगदा होता.

मी जिन्याकडे धावलो. वरून आमच्या इमारतीचा देखभालीचा माणूस उतरत होता. मूळचा कुडाळकडचा, चाळिशीचा, देखभाल कंपनीच्या व्हिसावर एकटा राहणारा. विजार गुडघ्यापर्यंत वर खोचलेली, पाय ओले, दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलाने भरलेले.

"साहेब, तां बंद…" त्याने सुरुवात केली.

"एक शब्द बोलू नकोस," मी म्हणालो. "काय सांगायचं ते लेखी दे."

तो भिंतीला हात टेकत खाली गेला.

माझे पत्र त्या रात्री नव्हे, दुसऱ्या दिवशी लिहिले गेले. परिच्छेद एक, इमारतीचे वर्णन. परिच्छेद दोन, सदर कर्मचाऱ्याने गच्चीवरील टाकीचा नळ उघडा टाकल्याचे व तो तेथून ओल्या पायांनी उतरत असता मी प्रत्यक्ष पाहिल्याचे. परिच्छेद तीन, झालेले नुकसान. परिच्छेद चार, सदर कर्मचाऱ्याने जिन्यात चिखलाची पावले व भिंतीवर चिखलाचे हात उमटवल्याचे, ज्यावरून त्याची स्वच्छतेविषयीची बेपर्वाईही सिद्ध होते. प्रत इमारतीच्या मालकांना, प्रत देखभाल कंपनीला.

अशा पत्रांना उत्तर येत नाही. या पत्राला आले, आणि तेही आम्ही मुलीकडे आयर्लंडला निघालो त्याच दिवशी: तक्रार ग्राह्य धरण्यात आली असून संबंधित कर्मचाऱ्याला महिनाअखेर कॅन्सल करण्यात येईल. आखातात राहिलेल्या माणसाला या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. इतरांसाठी सांगतो: नोकरी संपते, राहण्याचा परवाना संपतो आणि माणूस विमानात बसवला जातो. मला त्या क्षणी काय वाटले हे लपवणार नाही. त्या माणसाबद्दल काहीही वाटले नाही. पत्राला उत्तर आले, याचाच आनंद झाला. मी उत्तर छापून घेतले आणि कोटाच्या आतल्या खिशात ठेवले.

"आता याची प्रत कुठल्या खोक्यात ठेवणार?" विमानात पत्नीने विचारले.

मुलगी डब्लिनच्या एका रुग्णालयात डॉक्टर आहे. कुवेतमध्ये वाढलेली, मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि भांडण झाले तरच मराठीवर येते. तिने पहिल्याच रविवारी घोड्यांच्या शर्यती पाहायला जायचे ठरवले. जुगार असलेल्या जागी मी जाणार नाही, हे मी स्पष्ट केले.

"बाबा, तिथे रूलबुक आहे," ती म्हणाली. "यू विल लव्ह इट."

ही गोष्ट तिने आधी सांगायला हवी होती.

डब्लिनपासून तासाभराच्या अंतरावर, किल्डेअर परगण्यात, ते मैदान आहे. मैदान हा शब्द अपुरा आहे. झाड नाही, कुंपण नाही, नजर जाईल तिथवर आखूड, दाट, ओलसर गवत, आणि त्याच्या मधोमध घोड्याच्या नालेच्या आकाराची शर्यतीची वाट. शेकडो वर्षे इथे घोडे धावत आहेत, आणि त्याआधीही धावत होते, फक्त लिहून कुणी ठेवले नाही, असे म्हणतात. लिहून न ठेवलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवायची मला सवय नाही. पण त्या गवतावर पाऊल ठेवले तेव्हा ते किंचित दबून पुन्हा वर आले, आणि मला वाटले की याचा पुरावा कागदावर शोधण्यात अर्थ नसावा. कुवेतमध्ये आम्ही रस्त्याच्या दुभाजकावरचे गवतसुद्धा नळीने पाणी देऊन जगवतो.

घोड्यांच्या आधी मला मेंढ्या दिसल्या. शेकडो. रस्त्याच्या कडेला, रस्त्यावर, शर्यतीच्या वाटेच्या अगदी जवळ. प्रत्येकीच्या पाठीवर रंगाचा ठिपका. आमच्यासमोरच्या गाडीवाल्याने एका मेंढीसाठी गाडी थांबवली आणि भोंगा वाजवला नाही. हे काय आहे? ही जमीन कुणाची? या जनावरांना इथे चरू देणारा कोण? मुलगी तिकिटांच्या रांगेत गेली आणि मी कठड्याशी उभ्या असलेल्या एका वृद्ध गृहस्थाला गाठले. लांब कोट, पायात रबरी बूट, हातात चांदीच्या कागदात गुंडाळलेले सँडविच. मी मेंढ्यांकडे बोट दाखवले.

"निळे ठिपके माझे," तो म्हणाला.

माझे नशीब असे की साक्षीदार पहिल्याच प्रश्नाला सापडला. मी त्याला वीस मिनिटे सोडले नाही. जमीन सरकारची, पण तिच्यावर मेंढ्या चारण्याचा हक्क ठराविक घराण्यांचा, पिढ्यान्‌पिढ्यांचा. हा हक्क वारसाला जातो का? जातो. विकता येतो का? त्याने माझ्याकडे असे पाहिले की मी पुढच्या प्रश्नावर गेलो. नांगरता येते का? आजवर कुणी नांगरल्याचे त्याच्या ऐकिवात नव्हते. आमच्याकडे याला गायरान म्हणतात, मी त्याला सांगितले, आणि त्यावर आधी शाळा होते, मग गोदाम होते, मग कुणाचा तरी पुतळा.

"आणि मेंढी घोड्याच्या वाटेत आली तर दोष कुणाचा?" मी विचारले.

"मेंढीचा."

"कायद्यानं?"

"घोड्याचा मालक श्रीमंत असतो हो," तो म्हणाला आणि सँडविचचा अर्धा तुकडा माझ्यापुढे धरला. आत चीज आणि कांदा होता. मी घेतला.

शर्यती सुरू झाल्या तेव्हा पत्नी आणि मुलगी वर सावलीत बसल्या होत्या, म्हणजे पावसापासून आडोशाला. तिथे लोक सावली उन्हासाठी शोधत नाहीत. मी त्या वृद्धाबरोबर कठड्याशीच राहिलो. घोडे दिसण्याआधी ऐकू येतात हे मला ठाऊक नव्हते. जमिनीतून आवाज येतो, मग टोप्यांचे रंग दिसतात, आणि एकदम सगळे अंगावरून गेल्यासारखे पुढे निघून जातात. मी प्रत्येक वेळी त्याला काहीतरी विचारत होतो. वजन का करतात? शर्यतीआधी आणि शर्यतीनंतर, दोन्ही वेळा? खोगीर हातात घेऊन? फरक निघाला तर? त्याला उत्तरे देण्याचा कंटाळा आला नाही, किंवा आला असेल तर तो सभ्य होता.

चौथ्या शर्यतीत तीन घोडे शेवटाला बरोबरीने आले. आतल्या कठड्याला लाल टोपी, मध्ये पिवळी, बाहेर निळी. माझ्या अगदी समोर लाल टोपीवाल्याचा घोडा बाहेरच्या बाजूला कलला, पिवळ्याला धडकला, पिवळा अडखळला. लाल पहिला आला.

"फाउल!" मी ओरडलो. इतक्या मोठ्याने की दोघा-तिघांनी मागे वळून पाहिले.

तेवढ्यात ध्वनिक्षेपकावरून घोषणा झाली की पंच चौकशी करणार आहेत, तोवर निकाल अंतिम धरू नये. गर्दी जागच्या जागी उभी राहिली. हजारो लोक हातात तिकिटे धरून गप्प. हे दृश्य मी कधी विसरणार नाही. एक हरकत निर्माण झाली होती, आणि तिचा निकाल लागेपर्यंत कुणी हलणार नव्हते.

"यात काय चौकशी करायची?" मी म्हणालो. "मी स्वतः पाहिलं. लाल बाद."

"आपण इथून पाहिलं," वृद्ध म्हणाला.

"आता ते काय करतील?"

"तिन्ही स्वारांना खोलीत बोलावतील. चित्रण दाखवतील. विचारतील."

"ज्याच्यावर आरोप आहे त्यालाही?"

"त्यालाच तर विचारायचं असतं."

"आणि निकालाला किती दिवस?"

"दिवस?" तो हसला. "दहा मिनिटं. लोकांना चहा प्यायचा असतो."

दहा मिनिटे! मी माझ्या कारकिर्दीत एका पाइपच्या ब्रॅकेटवरचा वाद नऊ वर्षे चाललेला पाहिला आहे. मला राहवले नाही. परक्या देशात माझ्याही खात्यावर एक निकाल आहे हे त्याला कळावे, म्हणून मी खिशातला कागद काढला आणि त्याला सगळी हकीकत सांगितली. पाणी, खोकी, पत्र, उत्तर. तो लक्ष देऊन ऐकत होता.

"आणि तो काय म्हणाला?" त्याने विचारले.

"कोण?"

"तुमचा नळवाला."

"त्यानं लेखी काहीच दिलं नाही."

"तोंडी?"

मी उत्तर देण्यापूर्वी समोरच्या मोठ्या पडद्यावर चित्रण सुरू झाले. आधी बाजूने घेतलेले. मी पाहिले होते तसेच होते: लाल कलतो, पिवळा अडखळतो. मग तेच, समोरून घेतलेले. घोडे कॅमेऱ्याकडे येत होते आणि मधल्या फटी स्वच्छ दिसत होत्या. लाल टोपीवाला कठड्याला धरून सरळ येत होता, रेघ ओढल्यासारखा. बाहेरचा निळा आत घुसला, त्याने पिवळ्याला ढकलले, आणि पिवळाच जाऊन लालवर आदळला. बाजूने जे कलणे दिसले होते, ते धक्का खाल्लेल्या घोड्याचे सावरणे होते.

घोषणा झाली: पहिला क्रमांक कायम. लोक चहाकडे वळले. दहा मिनिटेसुद्धा लागली नव्हती.

मी कठड्याशीच राहिलो. फोनमध्ये माझ्या पत्राची प्रत होती, ती उघडली. परिच्छेद दोन मी वाचला नाही, तो मला पाठ होता. परिच्छेद चार वाचला. कोपरापर्यंत चिखल.

टाकीतल्या पाण्यात चिखल नसतो. कुवेतमधल्या सिमेंटच्या गच्चीवर चिखल येतो कुठून? दोन दिवस वादळ झाले होते. गच्चीवरचे पाणी जायचे तोंड वाळूने बुजले असणार, आणि पाणी तुंबल्यावरच त्या वाळूचा चिखल होणार. जो नळ उघडा टाकून निघून जातो, तो त्या तोंडात कोपरापर्यंत हात कशाला घालेल? तो माणूस पाणी सोडून उतरत नव्हता, पाणी थांबवून उतरत होता. "तां बंद" म्हणाला तेव्हा पुढचा शब्द "केलंय" असणार. त्याच्या निर्दोषपणाचा पुरावा मी स्वतः क्रमांक घालून नोंदवला होता, आणि त्याच्याविरुद्ध वापरला होता. दुसऱ्या कुणाच्या पत्रात असली चूक सापडली असती तर मी तिच्यावर दोन पाने लिहिली असती.

महिना संपायला पाच दिवस होते.

त्या संध्याकाळी मुलीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी तक्रार मागे घेत असल्याचे पत्र लिहून मेल केले. तासाभरात उत्तर आले: प्रकरण बंद झाले आहे. इतक्या तत्परतेची मला त्यांच्याकडून अपेक्षा नव्हती.

"त्याला फोन करा ना," पत्नी म्हणाली.

"माझ्याकडे त्याचा नंबर नाही."

"माझ्याकडे आहे. सिंक तुंबलं की तुम्ही काय पत्र लिहिता?"

तिने लावला, "मी फिंतासची काकू" म्हणाली, आणि फोन माझ्यापुढे सरकवला. मुलगी चहाचा कप घेऊन दारात उभी होती.

"त्या दिवशी गच्चीवर काय झालं, ते मला सांग," मी म्हणालो.

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "तोंडी चलात, साहेब?"

"चालेल."

त्याने सांगितले. टाकी भरली की पाणी आपोआप बंद करणारा फ्लोट महिन्यापूर्वीच मोडला होता. सुपरवायझरला तीनदा सांगितले होते. त्या दिवशी भिंतीवरून पाणी उतरताना त्याने खालून पाहिले, धावत वर गेला, नळ बंद केला, हाताने वाळू उपसली. "आनी खाली येतंय तर तुमी समोर. माका वाटला, शाबास म्हणतलास."

"मग कंपनीला का नाही सांगितलंस?"

"सांगलंय. ते म्हणाले, लिवन दी. माका मराठी लिवक येता. इंग्लिश कोण लिवतलो?" मग तो स्वतःच्या मुलीबद्दल म्हणाला, "चेडू बारावीक आसा, साहेब. पुढच्या वर्षी गेलंय असतंय तर चाललां असतां."

"बाबा," मुलगी मराठीत म्हणाली, "तिकीट बदलायचं ना?"

तिकिटे बदलून, महिना संपायला तीन दिवस असताना आम्ही परतलो. मी कंपनीत गेलो नाही; सुपरवायझरला आणि त्या माणसालाच गच्चीवर बोलावले, सकाळी सहाला, कारण सातनंतर तिथे उभे राहता येत नाही. सुपरवायझर घड्याळ पाहतच आला.

"साब, फाइल क्लोज हो गया. आपका ही कम्प्लेंट था."

"कम्प्लेंट मेरा था, इसलिए गलती भी मेरा है," मी माझ्या हिंदीत म्हणालो. "अब सुनवाई होगी. दस मिनट."

मी त्याला जिन्यातल्या भिंतीवरचे चिखलाचे हात दाखवले. त्या माणसाला पुसायला कुणी सांगितले नव्हते आणि मीही पुसले नव्हते. गच्चीवर टाकीचे झाकण उचलून फ्लोट दाखवला. तो अजून मोडलेलाच होता, दोरीने बांधून ठेवलेला. दोरी कुणी बांधली, विचारले. कुडाळचा माणूस म्हणाला, "मीच." तो टाकीपाशी दोन्ही हात मागे धरून उभा होता, शिक्षा ऐकायला आल्यासारखा.

"तीन बार बोला था इसने?" मी सुपरवायझरला विचारले.

"बोला होगा. लिख के तो नहीं दिया."

आयुष्यभर मी हेच वाक्य कंत्राटदारांच्या तोंडावर फेकत आलो आहे. ते ऐकताना कसे वाटते, हे मला बासष्टाव्या वर्षी, मोडक्या फ्लोटशेजारी कळले.

मग मी तिथेच पालथ्या बादलीवर बसलो आणि त्याचा जबाब लिहून घेतला. तो मालवणीत सांगत होता, मी इंग्रजीत उतरवत होतो. दोन ठिकाणी मी कायद्याचे चांगले शब्द घातले, वाचून दाखवून अर्थ सांगितला, तर तो म्हणाला, "ह्यां मी म्हटलंय नाय." मी ते खोडले. पत्र अर्ध्या पानाचे झाले. क्रमांक नव्हते. खाली त्याने मराठीत सही केली आणि तिच्याखाली मी, लेखक म्हणून नव्हे, आधी चुकीची साक्ष दिलेला साक्षीदार म्हणून. सुपरवायझरने पत्राचा फोटो काढून कुठेतरी पाठवला आणि निघून गेला.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी दुपारी उत्तर आले, एका ओळीचे: कॅन्सल करण्याचा निर्णय रद्द, कर्मचाऱ्याची बदली हवल्ली भागातल्या इमारतीत. चुकीबद्दल एक शब्द नाही, फ्लोटबद्दल एक शब्द नाही. मी कागद घेऊन उत्तर लिहायला बसलोही होतो. पत्नीने पेन उचलून नेले.

आमच्या इमारतीला आता दुसरा माणूस आहे. खोकी मी फेकून दिली. आयर्लंडच्या त्या वृद्धाला हकीकत कळवावी असे फार वाटते, पण त्याचे नाव आणि पत्ता विचारायचे राहून गेले. त्याला ओळखण्याची माझ्याजवळ एकच खूण आहे, निळे ठिपके.

बदलीनंतर पंधरा दिवसांनी हवल्लीहून फोन आला. पत्नीच्या फोनवर नव्हे, माझ्या.

"काका," तो म्हणाला, साहेब नव्हे, "हयच्या टाकीचो फ्लोट पन गेलेलो आसा. अजून पानी इला नाय. येवच्या आधी एक पत्र लिवया? मी सांगतंय, तुमी लिवा."

"थांब," मी म्हणालो, "कागद घेतो."

"आनी काका, माझे शब्द बदलू नकात हां."

कागद समोर ओढून मी त्याला म्हणालो, हं, सांग.